शिराळकर बाईंचं विरजण

"मिसेस शिराळकर, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही या देशात राहत नाही," काउंटरपलीकडचा तरुण अधिकारी म्हणाला. आवाज इतका गोड, की हातावर पेढा ठेवतोय असं वाटावं.

ज्योत्स्नाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. अंगात दोन स्वेटर, त्यावर सुनेचा जुना कोट, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. बाहेर तापमान उणे अठरा. बसथांब्यापासून या कचेरीपर्यंतचं दोनशे पावलांचं अंतर त्यांनी तीनदा थांबत, धापा टाकत कापलं होतं, आणि आता त्या त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या.

"बरं. मग मी राहते कुठे?"

त्याने पडद्यावर वाचलं. "कृष्णा नदीचं वरचं खोरं, पश्चिम भारत. इथला मुक्काम नऊ दिवस."

"नऊ? अरे बाबा, सात महिने झाले मला येऊन! जूनमध्ये उतरले, आता जानेवारी सरत आला. नोव्हेंबरातही इथेच आले होते, तेव्हाही तूच होतास. तेव्हा सात दिवस म्हणाला होतास. म्हणजे दोन महिन्यांत मी इथे दोनच दिवस राहिले?"

"यंत्र तसं म्हणतंय, मॅडम."

"आणि तुझे डोळे काय म्हणतात?"

त्याच्या शर्टावर 'कॅलम' अशी पट्टी होती. त्याने ओशाळं हसून मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे खात्याची पाटी होती : 'पोट खोटं बोलत नाही.' खाली आईबाप आणि दोन मुलं, चौघांचे हात आपापल्या पोटावर आणि चौघंही हसतायत. एवढं हसायला काय झालं होतं कोण जाणे.

ज्योत्स्नाबाईंनी कृष्णाकाठी पलूसला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. उत्तर येत नसलं की पुस्तकातलं वाक्य घोकून फेकणाऱ्या मुली त्यांनी चिक्कार पाहिल्या होत्या. अशांना त्या बाकावर उभं करत. इथे कुणाला उभं करणार? त्या निमूट उठल्या. परत दोनशे पावलं, परत तीन थांबे.

आता हा पोटाचा काय प्रकार, ते सांगायला हवं. देशाचं नाव मात्र सांगत नाही. आपली पुष्कळ माणसं अजून तिथे रांगेत उभी आहेत, त्यांच्या अर्जांना उगाच आपली नाट नको.

तिथे सरकारी आरोग्य विमा आहे आणि तो चांगला आहे, हे कबूल केलं पाहिजे. कार्ड हातात असलं की मोडलेल्या बोटापासून हृदयाच्या ऑपरेशनपर्यंत सगळं फुकट. नव्याने येऊन स्थायिक होणाऱ्यालाही तो मिळतो. अट एकच, आधी दीडशे दिवस त्या देशात राहून दाखवायचं. पूर्वी त्यासाठी भाडेकरार, वीजबिल, बँकेचं पत्र असलं काहीबाही चालायचं. पुढे कुठलाही कागद चुटकीसरशी हुबेहूब बनवणारी यंत्रं घरोघरी आली आणि कागदाला रद्दीची किंमत आली. लोक राहायचे भलतीकडे आणि ऑपरेशनपुरते तिथे उगवायचे. विमानतळावर येणाऱ्याची नोंद व्हायची, पण शेजारच्या देशाची लांबलचक सीमा ओलांडून मोटारीने कोण कधी बाहेर गेलं, याचा पत्ता कुणालाच नसायचा. मग २०३७ साली खात्याने अधिवासमापक आणला. लोक त्याला पोटघड्याळ म्हणतात.

त्यामागचं विज्ञान खरोखर देखणं आहे. माणसाच्या आतड्यांत अडतीस-चाळीस लाख कोटी जिवाणू नांदत असतात. जाती सगळीकडे साधारण त्याच. पण ज्वारीचे जसे मुलखामुलखाचे वाण असतात, तसे या जिवाणूंचेही असतात, आणि प्रत्येक वाणाच्या डीएनएमध्ये त्याच्या मुलखाच्या खुणा असतात. माणूस देश बदलतो तेव्हा तिथलं पाणी, भाजीपाला, माती, दाराच्या कड्या, शेजाऱ्यांचे हात, या सगळ्यांतून नवे वाण पोटात शिरतात आणि जुने हळूहळू हटतात. हे किती वेगाने होतं, ते लाखो लोकांवर मोजून ठेवलेलं आहे. आपण सकाळचा नमुना डबीत घालून टपालाने पाठवायचा. जुने वाण किती उरले, नवे किती रुजले, ते यंत्र वाचतं आणि हा माणूस इथे इतके दिवस आहे, असं सांगतं. चुकलंच तर चार-पाच दिवसांनी.

ज्योत्स्नाबाईंनी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. शाळेत असत्या तर दुसऱ्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवलं असतं. आणि आता तेच यंत्र त्यांच्या जिवावर उठलं होतं.

जिवावर, हे उगाच म्हटलेलं नाही. त्यांच्या हृदयातली महाधमनीची झडप अरुंद होत चालली होती. ऑगस्टात घरातला जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा ते कळलं. डॉक्टर म्हणाल्या, झडप बदलावी लागेल, आणि मेच्या पुढे ढकलून चालणार नाही. विमानात बसायची मनाई, त्यामुळे भारतात जाऊन ऑपरेशन करून घ्यायचा मार्ग बंद. आणि जाणार तरी कुठे? यजमान गेल्यावर पलूसचं घर विकूनच त्या मुलाकडे कायमच्या आल्या होत्या. विम्याशिवाय इथे करायचं तर मुलाला राहतं घर विकावं लागलं असतं. कार्ड मिळालं तर झडप, नाही तर नाही.

मुलगा मिहिर आणि सून केतकी, दोघंही नोकरीवाले, दोघंही तसे समंजस. पण दुसऱ्या नकाराबरोबर घरी एक पत्र आलं आणि समंजसपणाला तडा गेला. पत्रात लिहिलं होतं की तिसरी चाचणीही अशीच आली, तर आईला बोलावून घेणाऱ्या मुलाची, म्हणजे मिहिरची, खोटी माहिती दिल्याबद्दल चौकशी होईल.

"आई, खरं सांग, नमुना नीट दिला होतास ना?" मिहिरने जेवताना विचारलं.

"मिहिर, मी जीवशास्त्राची बाई आहे. मला डबी भरता येते."

"तसं नाही गं. पण काहीतरी चुकत असणारच ना! मी दोन तास दहा मिनिटं फोनवर होतो आज. दोन तास पियानो ऐकवला त्यांनी, आणि मग ती बाई म्हणाली, शाखेत जाऊन भेटा. शाखेत म्हणतात, फोन करा. डोकं फिरायची वेळ आलीय!"

"तुझं डोकं फिरतंय, माझा श्वास फिरतोय. आवाज नको चढवूस."

केतकी मध्ये पडली. "आई, रागावू नका, पण एक विचारू? तुम्ही इथलं काही खातच नाही. सकाळी दही-पोहे, दुपारी ताक, संध्याकाळी दहीभात. यंत्राला तरी कसं कळणार तुम्ही इथे आहात?"

सून हे सहज बोलून गेली आणि ताटं उचलायला उठली. ज्योत्स्नाबाईंचा हात मात्र घास घेता घेता थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्याकडून चाचणीचा पूर्ण अहवाल मागवला. चौदा पानं होती. डोळ्यांना चष्मा आणि हातात लाल पेन, अशा त्या खिडकीशी बसल्या, जशा पूर्वी उत्तरपत्रिका तपासायला बसत. नवव्या पानावर तक्ता सापडला : 'ताजे परदेशी वाण.' सगळ्यात वर लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्याचे जिवाणू, आणि पुढे आकडा असा की पेन खाली ठेवावं लागलं. इथले वाण पोटात शिरले होते, चांगले रुजलेही होते. पण यंत्राचा नियम असा होता की सगळ्यात ताज्या खुणेला सगळ्यात जास्त मान द्यायचा. कृष्णाकाठचे जिवाणू जर इतके ताजे आणि इतके भरपूर आहेत, तर हा माणूस कालपर्यंत कृष्णाकाठीच होता. म्हणजे रोज सकाळी वाटीभर दही पोटात गेलं की घड्याळ परत शून्यावर!

त्यांनी मान वळवून ओट्याकडे पाहिलं. तिथे चिनी मातीच्या सटात दही लागत होतं, हिटरजवळ, जुन्या शालीत गुंडाळलेलं.

ते विरजण त्यांच्या सासूबाईंचं होतं. लग्न होऊन वेगळं बिऱ्हाड केलं, तेव्हा सासूबाईंनी पितळेच्या वाटीतून दिलेलं. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. त्यात एकदाच खंड पडला होता. मिहिरच्या मुंजीच्या गडबडीत दही नासलं, तेव्हा शेजारच्या गोडबोले वहिनींकडून परत आणलं होतं, कारण त्यांना विरजण ज्योत्स्नाबाईंनीच दिलं होतं. विरजण असंच टिकतं. आपल्याकडचं गेलं, तर ज्याला दिलं त्याच्याकडे ते असतं. इकडे येताना त्यांनी यजमानांचा सुती रुमाल दह्यात बुडवून सावलीत कडक वाळवला होता आणि घडी करून पिशवीत आणला होता. इथे आल्यावर कोमट दुधात रुमाल टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पलूसचं दही परदेशात लागलं. त्या दिवशी त्या खुशीत लहान मुलासारख्या रडल्या होत्या.

विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. इथे मागायला कोण येणार, असं त्यांना वाटलं होतं. पण डिसेंबरात पलीकडच्या घरातली ब्रेंडा आली. ब्रेंडा चौऱ्याहत्तर वर्षांची, धिप्पाड, एकटी. शाळेची बस चालवण्यात जन्म गेलेला. बोलते तीही बसचा हॉर्न वाजवल्यासारखी. एकदा जेवायला आली असताना तिने तीन वाट्या दही हाणलं होतं, आणि तिच्या पोटाची कित्येक वर्षांची कुरकुर म्हणे चार दिवस थांबली. तेव्हा ती वाडगा घेऊनच दारात उभी राहिली. ज्योत्स्ना हे नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती 'जो' म्हणायची.

"जो, मला ते तुझं बी दे. घरी लावते."

बाहेर अंधारून आलं होतं. तिन्हीसांजेला विरजण देऊ नये, असं सासूबाई बजावून गेल्या होत्या. ज्योत्स्नाबाई क्षणभर घुटमळल्या. मग घड्याळात पाहिलं. पावणेचार! दुपारी पावणेचारला ज्या देशात तिन्हीसांज होते, तिथे नियम पाळायचे तरी किती? त्यांनी मोठा चमचाभर विरजण दिलं, दूध किती कोमट हवं तेही करंगळी बुडवून दाखवलं.

हे सगळं अहवाल हातात धरून त्यांना आठवलं. संध्याकाळी त्यांनी मिहिरला नववं पान दाखवलं.

"एका दह्यापायी?" मिहिर ओरडलाच. "आई, तीन महिने मी यांच्या पाया पडतोय, माझी नोकरी पणाला लागलीय, आणि हे सगळं एका दह्यापायी?"

"दही नाही ते. विरजण आहे."

"तेच ते!"

"तेच ते नाही. दही दुकानात मिळतं." त्यांनी अहवाल टेबलावर आपटला. "मी काय गुन्हा केलाय रे? माझ्या घरात मी माझं दही खाल्लं. त्यावरून मी इथे राहत नाही, असं कसं म्हणतात ते? तू त्यांच्यावर ओरडायचं सोडून माझ्यावर ओरडतोयस!"

मिहिरने अहवाल मिटला. मग अगदी हळू म्हणाला, "आई, मला तू हवी आहेस. दही नको."

त्यांनी स्वतःच सट उचलला, सगळं दही सिंकमध्ये ओतलं, वर गरम पाण्याचा नळ सोडला. रुमालही उकळत्या पाण्यात टाकला. सट घासून पुसून कपाटात वर ठेवला आणि मग, मेल्या यंत्रा, असं जोरात म्हणाल्या. केतकीने पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

पुढचे दोन महिने त्यांनी औषध घेतल्यासारखं इथलं अन्न खाल्लं. पाव, चीज, कच्ची पानं आणि डब्यातलं दुकानी दही, जे त्यांच्या मते दह्याचं प्रेत होतं. रोज ब्रेंडाकडे जाऊन कुंड्यांतल्या मातीत हात घातले, कुत्र्यांना कुरवाळलं, सार्वजनिक नळाचं पाणी प्यायल्या. जिन्याच्या तेरा पायऱ्या चढायला आधी एक थांबा लागायचा, आता तीन लागायला लागले. मार्चअखेर तिसरी चाचणी झाली.

"अठ्ठावन्न दिवस!" कॅलम खुशीत म्हणाला. "छान प्रगती आहे, मिसेस शिराळकर. मुलाची चौकशीही टळली."

"दीडशे कधी होतील?"

"असंच चालू ठेवलंत तर... जून संपेपर्यंत."

"मला मे संपायच्या आत ऑपरेशन हवंय. त्याआधीचे सात महिने कुठे गेले माझे?"

"ते सिद्ध होत नाहीत."

त्यांनी त्याला समजावून सांगितलं. विरजण म्हणजे काय, रुमाल कसा वाळवतात, नवव्या पानावरचा तक्ता, ताज्या खुणेचा नियम, सगळं. बाईंनी इतका सोपा करून धडा पलूसलाही कधी शिकवला नसेल. कॅलमने मन लावून ऐकलं, मानही डोलावली. मग म्हणाला, "मला पटतंय. पण हे लिहायला अर्जात रकाना नाही."

रकाना नाही! त्या घरी येताना बसमध्ये हेच दोन शब्द पुटपुटत होत्या. शेजारची बाई घाबरून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, ब्रेंडा दार न वाजवताच आत आली. हातात पत्र, चेहरा लालबुंद.

"जो, हे वाच! मेले म्हणतात मी या देशात राहत नाही! दर पाच वर्षांनी कार्डाचं नूतनीकरण असतं, म्हणून नमुना पाठवला. आणि हे बघ, मुक्काम अकरा दिवस. मी? माझ्या आजोबांनी बांधलाय तो नदीवरचा पूल! आणि राहते कुठे म्हणे, तर हे... हे काय आहे?"

ज्योत्स्नाबाईंनी वाचलं. "कृष्णा नदीचं वरचं खोरं."

"हे कुठे आलं?"

"माझ्या घरी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. मग त्यांना हसू फुटलं. इतकं हसल्या की धाप लागली, आणि ब्रेंडाने धावत पाणी आणलं. "रोज खातेस ना गं दही?"

"सकाळ-संध्याकाळ! बरं, घाबरू नकोस, मी आत्ताच फोन केला त्यांना. अकरा मिनिटांत काम झालं. तो म्हणाला, मॅडम, यंत्राची चूक झालेली दिसते, दुरुस्त करतो. झालं!"

ज्योत्स्नाबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

"काय म्हणाला?"

"यंत्राची चूक."

"ब्रेंडा, तेच यंत्र. तेच जिवाणू. माझ्याच सटातले. तुझ्या पोटात गेले तर यंत्राची चूक, आणि माझ्या पोटात गेले तर मी खोटारडी?" त्यांचे डोळे भरून आले, आणि ते रागाने आले होते. "माझ्या मुलाने दोन-दोन तास फोन धरून ठेवला. मी एक्केचाळीस वर्षांचं विरजण मोरीत ओतलं. आणि तुझं अकरा मिनिटांत?"

ब्रेंडाला आधी ते लागलं. "त्यात माझा काय दोष?" असं ती म्हणालीही. हातातलं पत्र तिने घडी करून खिशात घातलं, दारापर्यंत गेली. तिथे उभी राहिली. बस चालवणाऱ्या माणसाला मागे वळून पाहायची सवय असते. तिने वळून पाहिलं, तर ज्योत्स्नाबाई खुर्चीचा हात धरून श्वास गोळा करत होत्या.

"कोट घाल," ब्रेंडा म्हणाली. "गाडी काढते."

कॅलमने ब्रेंडाला पाहिलं आणि तो उभाच राहिला. पाचवी ते बारावी तो तिच्याच बसमधून शाळेत गेला होता.

"मिस ब्रेंडा! तुमचं तर काम झालंय. फोनवाल्यांनी इथे विचारलं, मीच शेरा मारला दुरुस्तीचा."

"काय बघून मारलास?"

"बघायचं काय त्यात? तुम्हाला सगळा गाव ओळखतो."

"मग तो शेरा काढ. यंत्राला विचार. यंत्र म्हणतंय मी तिकडे राहते, तर लिही, राहते. माझं कार्ड बंद कर. आत्ता." ब्रेंडा काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली. रांगेतली माणसं बघायला लागली. "नाही तर हिचीही चूकच समज. दोघींची चूक, नाही तर दोघींचं खरं. मी पंचेचाळीस वर्षं बस चालवली, कॅलम. एकाला चढू दिलं आणि दुसऱ्याच्या तोंडावर दार लावलं, असं मी कधी केलं नाही. तूही त्या बसमध्ये होतास."

कॅलम लाल झाला, पांढरा झाला. पडद्यावर काहीतरी शोधलं. मग म्हणाला, "एक फॉर्म आहे. सतरा नंबर. ज्यांचं पोट यंत्राला वाचता येत नाही, त्यांच्यासाठी. आतडं काढून टाकलेले पेशंट वगैरे. नात्यात नसलेल्या दोन रहिवाशांनी लिहून द्यायचं, की आम्ही या व्यक्तीला इथे सतत पाहिलंय."

"हा फॉर्म नोव्हेंबरात होता?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"हो."

"जानेवारीत?"

"...हो."

"मग सांगितला का नाहीस?"

"कुणी विचारला नाही, मॅडम."

एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्योत्स्नाबाईंनी कुणा मुलीवर हात उचलला नव्हता. आज तो शिवशिवला. काय काय डोळ्यांपुढून गेलं त्यांच्या! मिहिरचा उतरलेला चेहरा, सिंकमध्ये गरम पाण्याखाली विरघळत गेलेलं दही, त्या तेरा पायऱ्या. एका कागदाचं काम होतं. एकाच पानाचा कागद, त्याच्याच खणात.

"दे," त्या म्हणाल्या.

ब्रेंडाने सही ठोकली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती.

"दुसरं कुणी आहे?" कॅलमने विचारलं.

"आहे की. तू." ज्योत्स्नाबाईंनी फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "नोव्हेंबरात मला कुणी पाहिलं? तू. जानेवारीत, बर्फातून आले तेव्हा? तू. मार्चमध्ये? तूच. नात्यातला नाहीस, रहिवासी आहेस. मी या देशात नाही, असं तीनदा माझ्या तोंडावर सांगितलंस, ते कुणाला बघून सांगत होतास?"

"मी... मी खात्याचा माणूस आहे. मला करता येणार नाही बहुतेक."

"बहुतेक नको. अधिकाऱ्याने सही करू नये, असं कुठे लिहिलंय ते वाचून दाखव. मोठ्याने."

कॅलमने फॉर्म उलटा केला, सुलटा केला, खालची बारीक अक्षरं वाचली. तसं कुठेच नव्हतं. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे पाहायचं टाळलं, पेन उचललं आणि 'मी या व्यक्तीला इथे पाहिलं आहे' या ओळीखाली सही केली.

कार्ड सहा दिवसांनी आलं. ऑपरेशन मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं, झडप छान बसली. मिहिर ऑपरेशन थिएटरबाहेर बसून होता, आणि आई शुद्धीवर आल्यावर तो तिच्या पायांशी डोकं टेकून रडला. "आई, मी उगाच बोललो तुला," असं काहीतरी म्हणत होता. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "बोललास ते बोललास. आता नाक पूस."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी टपालात खात्याचा लिफाफा आला. फॉर्म नंबर सतरावर दिलेलं कार्ड एक वर्षापुरतं असतं. पुढच्या मेमध्ये पोटाची चाचणी सक्तीची, त्यात दीडशे दिवस न भरल्यास कार्ड रद्द. ज्योत्स्नाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. झडपेनंतरची औषधं, तपासण्या, सगळं त्या कार्डावरच चालणार होतं.

त्या पत्र हातात घेऊन बसल्या असतानाच ब्रेंडा आली. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात तोच वाडगा, वर बशी झाकलेली.

"तुझं गेलं होतं ना," ती म्हणाली. "घे. करंगळी बुडवून लावलंय, तू दाखवलं होतंस तसं."

ज्योत्स्नाबाईंनी बशी उचलली. दही कापलं तर वडी पडावी इतकं घट्ट लागलं होतं. वास आला, तो थेट पलूसच्या स्वयंपाकघराचा. त्यांना सासूबाई आठवल्या, गोडबोले वहिनी आठवल्या.

केतकीने टेबलावरचं पत्र वाचलं होतं. ती घाबरून म्हणाली, "आई, थांबा. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी आहे. हे खाल्लंत तर परत शून्यापासून..."

"माहीत आहे."

"मग?"

"मग पुढच्या मेमध्ये परत जाईन. कॅलम असेलच तिथे. एव्हाना ब्रेंडाने निम्म्या गल्लीला विरजण दिलंय, त्यांनाही 'तुम्ही कृष्णाकाठी राहता' अशी पत्रं येतील." त्यांनी लिफाफा उलटा करून त्यावर वाडगा ठेवला, टेबलाला ओल लागू नये म्हणून. "चमचा दे."

केतकीने चमचा दिला. ज्योत्स्नाबाईंनी एक घास घेतला आणि डोळे मिटून जिभेवर घोळवला. ब्रेंडा निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारखी उभी होती.

"किंचित आंबट झालंय," बाई म्हणाल्या. "लवकर काढत जा. आणि बस, उभी का?"